वॉर्सा: काय पुन्हा बांधले, काय राहून गेले

आपल्याकडून पोलंडला जाणाऱ्या सहलींत वॉर्सा बहुधा एका रात्रीच्या मुक्कामापुरतेच असते. विमान तिथे उतरते म्हणून तिथे राहायचे, सकाळी क्राकूवची गाडी धरायची, तिथला न मोडलेला मध्ययुगीन चौक पाहायचा, आउशविट्झला जाऊन यायचे आणि परत फिरायचे. मीही कदाचित तेच केले असते. पण महाविद्यालयापासूनची माझी एक मैत्रीण नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे वॉर्सात राहते आणि तिने क्राकूवचा विषय काढूच दिला नाही. ती मूळची कोल्हापूरची, त्यामुळे मत मांडताना आडपडदा ठेवत नाही. क्राकूवमध्ये युद्ध बघायला संग्रहालयात जावे लागते आणि वॉर्सात ते पायाखाली असते, असे तिचे म्हणणे. हे क्राकूववर थोडे अन्याय करणारे आहे, तरी वॉर्साबद्दल ते खरे आहे एवढे मी आता म्हणू शकते. जुलैच्या अखेरीस मी तिच्याकडे पोहोचले. तारखाही तिनेच ठरवल्या होत्या, कारण 1 ऑगस्टला मी त्या शहरात असलेच पाहिजे असा तिचा आग्रह होता.

शहर दाखवण्याची तिची एक पद्धत आहे. एखाद्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर ती कोणत्या शतकातली हे विचारायचे नाही. ती कोणत्या वर्षी पुन्हा बांधली आणि तिच्या जागी त्याआधी काय होते हे विचारायचे. सुरुवातीला मला हा हट्ट वाटला. पण आकडे समोर ठेवले की या हट्टामागचे कारण कळते. युद्धापूर्वी वॉर्साची वस्ती सुमारे 13 लाख होती आणि त्यात जवळजवळ तीस टक्के ज्यू होते. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत फौजा विस्तुला नदीच्या पश्चिम तीरावर आल्या तेव्हा त्या तीरावरचे शहर बहुतांशी जमीनदोस्त झालेले होते. एकूण शहराचा सुमारे 85 टक्के भाग नष्ट झाला असे मानले जाते. हा नाश एका बॉम्बहल्ल्यात झालेला नाही. सप्टेंबर 1939 च्या वेढ्यात काही भाग पडला, 1943 मध्ये घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेला भाग, घराघराने जाळला गेला, जर्मन ताब्याविरुद्धच्या 1944 च्या उठावात रस्त्यारस्त्यावर लढाई झाली, आणि उठाव मोडून लोकांना शहराबाहेर काढल्यानंतर जर्मन पथकांनी आग लावणारी यंत्रे आणि सुरुंग घेऊन उरलेल्या इमारती पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केल्या. लढाई संपल्यावर झालेला हा शेवटचा नाश माझ्या आधीच्या कल्पनेत कुठेच बसत नव्हता.

आम्ही राजवाड्यासमोरच्या चौकातून सुरुवात केली. चौकात राजा झिगमुंट तिसरा याचा पुतळा एका उंच स्तंभावर उभा आहे. हे स्मारक 1644 सालचे. परंतु सप्टेंबर 1944 च्या सुरुवातीला ते कोसळले आणि 1949 मध्ये नव्या खांबावर पुतळा पुन्हा चढवण्यात आला. जुने खांब राजवाड्याच्या भिंतीलगत गवतावर आडवे ठेवलेले आहेत, एक सतराव्या शतकातला मूळ आणि दुसरा एकोणिसाव्या शतकात बदललेला ग्रॅनाइटचा. त्यांना हात लावता येतो. ग्रॅनाइटवर जागोजागी टवके उडालेले आहेत आणि बोट फिरवले की त्यांच्या कडा लागतात. वर दिमाखात उभा असलेला राजा म्हणजे खरे तर तिसऱ्या खांबावरचा राजा आहे, हे त्या गवतापाशी उभे राहिल्यावरच ध्यानात येते.

राजवाड्याचेही तसेच. 17 सप्टेंबर 1939 रोजी त्यावर बॉम्ब पडले तेव्हा मनोऱ्यावरचे घड्याळ 11 वाजून 15 मिनिटांनी थांबले. 1944 मध्ये वाडा सुरुंगांनी उडवण्यात आला. पुढे कित्येक वर्षे ती जागा मोकळीच होती, कारण राजाचा वाडा पुन्हा बांधायचा की नाही याबद्दल कम्युनिस्ट सरकारचे मन ठरत नव्हते. अखेर 1971 मध्ये निर्णय झाला, लोकांनी वर्गणी दिली, आणि 1974 मध्ये नव्या मनोऱ्यावरचे घड्याळ बरोबर 11 वाजून 15 मिनिटांनीच सुरू करण्यात आले. आतली दालने 1984 मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्यातल्या एका दालनात बेर्नार्दो बेल्लोत्तो या मूळच्या व्हेनिसच्या, पोलिश राजाच्या दरबारी चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली शहराची दृश्ये आहेत. रस्ते, चर्च, घोडागाड्या, फेरीवाले आणि खिडक्यांच्या चौकटी त्याने इतक्या बारकाईने रंगवल्या आहेत की युद्धानंतर वास्तुरचनाकारांनी ही चित्रे समोर ठेवून काही इमारतींचे दर्शनी भाग उभे केले. चित्रकाराने स्वतःच्या मनाने केलेल्या सुधारणाही त्यामुळे काही ठिकाणी दगडाविटांत उतरल्या असे सांगतात. चित्रांपेक्षा जास्त आधार मात्र युद्धापूर्वी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यास म्हणून केलेल्या मोजमापी आराखड्यांचा झाला. हे आराखडे युद्धकाळात शहराबाहेर हलवून पिओत्रकूवच्या एका मठात लपवले होते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांवरून एका राजधानीचे जुने शहर पुन्हा उभे राहावे, हे मला चित्रांच्या कथेपेक्षा अधिक विलक्षण वाटले.

जुन्या शहराचा बाजारचौक 22 जुलै 1953 रोजी पुन्हा खुला झाला. तो तेव्हाच्या राजवटीचा राष्ट्रीय दिवस होता. विटा पुरत नव्हत्या म्हणून व्रोत्स्वाफ आणि श्चेचिन या पूर्वी जर्मनीत असलेल्या शहरांतून त्या आणल्या गेल्या. म्हणजे एका उद्ध्वस्त शहराच्या विटांनी दुसरे उद्ध्वस्त शहर बांधले गेले. युद्धापूर्वी इथली घरे अंधारी आणि दाटीची होती. बांधताना मागच्या अंगणांतली जोडबांधकामे वगळली, उजेड येईल असे चौक ठेवले आणि आत साधे आधुनिक फ्लॅट केले. 1980 मध्ये युनेस्कोने हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते जुने म्हणून नव्हे तर पुनर्बांधणीचे असाधारण उदाहरण म्हणून. काही प्रवासी या चौकाला चित्रपटाचा सेट म्हणून नाक मुरडतात. मला ते पटले नाही. ज्यांनी शहर पाडले त्यांचा हेतू ते नकाशावरून पुसण्याचा होता. अशा वेळी तेच शहर त्याच जागी, त्याच खिडक्यांनिशी उभे करणे हे सरळसरळ प्रत्युत्तर होते आणि त्याला खोटे म्हणणे अवघड आहे. शिवाय नाश लपवलेलाही नाही. सेंट जॉन कॅथेड्रलच्या बाजूच्या भिंतीत जर्मनांच्या दूरनियंत्रित सुरुंगवाहनाच्या लोखंडी पट्ट्याचा तुकडा मुद्दाम बसवून ठेवला आहे. कॅथेड्रल पुन्हा बांधणाऱ्यांनी त्याला पाडणाऱ्या यंत्राचा अवयव त्याच्याच भिंतीत ठेवला आहे.

दुपारी एका मिल्क बारमध्ये जेवलो. कम्युनिस्ट काळापासून चालत आलेल्या या स्वस्त खानावळींत बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या उकडलेल्या पिएरोगी मिळतात. शाकाहारी माणसाची तिथे सोय होते, एवढे नोंदवून पुढे जाते.

1944 च्या उठावाचे संग्रहालय वोला भागात, ट्रामसाठी वीज निर्माण करणाऱ्या जुन्या केंद्रात आहे. ते उठावाच्या साठाव्या वर्षी, 2004 मध्ये सुरू झाले. भिंतींवर उठावाच्या प्रत्येक दिवसाचे कॅलेंडरचे पान लावलेले असते आणि प्रेक्षकाने ते फाडून घ्यायचे असते. 1 ऑगस्टपासून 2 ऑक्टोबरपर्यंत अशी 63 पाने होतात. सुरुवातीच्या पानांवर विजयाची घाई आहे: कोणती इमारत घेतली, कुठे ध्वज चढवला. पुढे पाणी, मग अन्न, मग गटारांतून एका भागातून दुसऱ्या भागात जाणे. उठाव भूमिगत पोलिश गृहसेनेने, म्हणजे आर्मिया क्रायोवाने पुकारला होता. सोव्हिएत फौजा नदीच्या पलीकडे येऊन ठेपल्या आहेत, तेव्हा त्या येण्याआधी राजधानी आपल्या हातात असावी हा हिशेब होता. सप्टेंबरच्या मध्यावर सोव्हिएत फौजांनी पूर्वेकडचा प्रागा भाग घेतला, पण पश्चिम तीरावरचा उठाव वाचला नाही. सुमारे 16,000 सैनिक आणि दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले. यातला मोठा आकडा लढाईतलाही नाही. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात याच वोला भागात जर्मन पथकांनी घराघरांतून लोकांना बाहेर काढून गोळ्या घातल्या आणि काही दिवसांत 40,000 ते 50,000 माणसे मारली.

वोलातून चालताना दर काही मिनिटांनी भिंतीवर एकाच घडणीचा करडा दगडी फलक दिसतो. वर क्रूस, खाली तारीख, आणि इथे अमुक इतक्या पोलिश नागरिकांना मारले असा मजकूर. शिल्पकार कारोल त्खोरेक यांनी 1949 मध्ये तयार केलेला हा नमुना सगळ्या शहरभर वापरला गेला. औषधाच्या दुकानाशेजारी, शाळेच्या कुंपणावर, पार्किंगच्या कोपऱ्यावर असे फलक आहेत आणि त्या आठवड्यात प्रत्येकाखाली काचेच्या दिव्यांत मेणबत्त्या आणि पांढरी-लाल फुले ठेवलेली होती. आकडे वाचत गेलो आणि काही वेळाने ते वाचणे थांबवले. मैत्रीण म्हणाली, "मी ऑफिसला जाते त्या वाटेवर पाच आहेत. आधी प्रत्येकापाशी थबकायचे. आता फुलं सुकली का तेवढं बघते."

1 ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे उठाव सुरू झाला त्या घटकेला, शहरभर भोंगे वाजतात. आम्ही शिव्हेन्तोक्शिस्का रस्त्यावरच्या एका चौकात होतो. सिग्नल हिरवा असताना गाड्या थांबल्या, चालक दारे उघडून उतरून उभे राहिले, बसमधले प्रवासी आपापल्या जागी उठले. पिशवीतून कोथिंबिरीसारखी शेपूची जुडी बाहेर डोकावणाऱ्या एका आजीबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि हात सरळ केले. मिनिट संपले तसे मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि शहर चालू लागले. या एका मिनिटाबद्दल पोलंडमध्ये एकमत असले तरी उठावाबद्दल नाही. मैत्रिणीच्या कार्यालयात दरवर्षी या सुमारास वाद होतो. एक सहकारी म्हणतो की उठाव केला नसता तर पोलंडला स्वतःबद्दल आदर उरला नसता, दुसरा म्हणतो की दोन लाख माणसे आणि एक आख्खे शहर देऊन मिळवलेला आदर त्या माणसांना विचारून घेतलेला नव्हता. दोघांच्याही घरातली माणसे त्या उठावात गेलेली आहेत, म्हणून तिसऱ्या कोणी तिथे तोंड घालू नये असे ती म्हणते.

क्राशिन्स्की चौकातले उठावाचे मोठे स्मारक मात्र 1989 चे आहे. युद्धानंतरच्या सरकारला गृहसेना नको होती. तिच्या कित्येक सैनिकांना तुरुंगात टाकले गेले, काहींना मृत्युदंड झाला, आणि स्मारकासाठी पंचेचाळीस वर्षे थांबावे लागले. याउलट घेट्टोतल्या वीरांचे स्मारक 1948 मध्येच, सभोवती विटांचे ढीग असताना उभे राहिले होते. मी मनाशी एक सोपी मांडणी घेऊन चालले होते: पोलिश आठवणींना जागा मिळाली, ज्यूंच्या आठवणी दडपल्या गेल्या. या दोन तारखांनी ती मांडणी विस्कटली. कोणत्या मृतांना केव्हा दगड मिळाला हे त्या त्या वेळच्या सत्तेला कोण सोयीचे होते यावरही ठरले आहे.

त्या चौकाला लागूनच क्राशिन्स्की बाग आहे आणि बागेच्या कडेला माँते कॅसिनोच्या लढाईचे स्मारक. शीर नसलेली पंखधारी विजयदेवता असे त्याचे रूप आहे. मैत्रीण मला तिथे घेऊन गेली ती या स्मारकासाठी नव्हे, तर त्याच्या शेजारच्या फलकासाठी. 2017 मध्ये बसवलेल्या या फलकावर वळिवडे-कोल्हापूर हे नाव आहे. पोलंडच्या पूर्व भागातून 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवलेल्या कुटुंबांपैकी सुमारे 5,000 माणसे, प्रामुख्याने बायका, मुले आणि वृद्ध, 1943 ते 1948 या काळात पंचगंगेकाठी वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांची शाळा होती, दवाखाना होता, चर्च होते. घरातले तरुण पुरुष जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यात होते आणि मे 1944 मध्ये इटलीतल्या माँते कॅसिनोचा मठ त्याच सैन्याने घेतला. म्हणून हा फलक त्या स्मारकाला चिकटून आहे. लढाई जिंकली, युद्ध जिंकले, पण मित्रराष्ट्रांच्या याल्टा इथल्या वाटाघाटींनंतर त्यांचे गाव सोव्हिएत संघात गेले होते. छावणी बंद झाल्यावर बहुतेक जण घरी न जाता इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे पांगले.

माझी मैत्रीण लहानपणी दिवाळीच्या कपड्यांसाठी गांधीनगरला जायची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना वळिवड्याच्या याच बराकी दिल्या गेल्या आणि त्यातून गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली, हे तिला घरी कोणी सांगितले नव्हते. ते तिला वॉर्सात, एका पोलिश सहकाऱ्याने कोल्हापूरचे नाव ऐकताच दाखवलेल्या आस्थेवरून कळले. तिने वडिलांना फोन करून विचारले तर ते म्हणाले, "हो, आई सांगायची की पोलंडच्या बायका बाजारात यायच्या. त्यात काय विशेष?" ते बरोबरच आहे, ज्याच्या दारात निर्वासित येऊन गेले त्याला ती रोजची गोष्ट असते.

बागेतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की मुरानूव लागते आणि माझी मैत्रीण तिथेच भाड्याने राहते. युद्धापूर्वी हा ज्यूंचा मुख्य भाग होता. नालेव्की रस्त्यावर दुकाने, छापखाने आणि खानावळी यांची रेटारेटी असे. नोव्हेंबर 1940 मध्ये इथे आणि दक्षिणेकडच्या लगतच्या भागात घेट्टो बंद करण्यात आला. सुमारे तीन मीटर उंचीच्या भिंतीचा खर्चही ज्यू समितीकडूनच वसूल केला गेला. शहराच्या अडीच टक्क्यांहून कमी जागेत 1941 मध्ये साडेचार लाखांच्या आसपास माणसे कोंडलेली होती. हद्दपारी सुरू होण्यापूर्वीच भूक आणि टायफस यांनी सुमारे 83,000 माणसे मेली. 22 जुलै 1942 पासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोकांना मालगाड्यांत भरून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारले. 19 एप्रिल 1943 रोजी उरलेल्यांना नेण्यासाठी जर्मन तुकड्या शिरल्या तेव्हा थोड्याशा पिस्तुलांनी आणि हातबॉम्बांनी त्यांचा सामना केला गेला आणि तो जवळजवळ महिनाभर चालला. 16 मे रोजी त्वोमात्स्किए रस्त्यावरचे मोठे सिनेगॉग उडवून जर्मन सेनापतीने मोहीम संपल्याचे जाहीर केले.

जुन्या शहरात जे केले गेले ते इथे केले गेले नाही. ढिगारा इतका होता की तो उपसून नेणे शक्य नव्हते, तेव्हा वास्तुरचनाकार बोहदान लाखेर्त यांनी ढिगाऱ्यावरच वसाहत बांधायचे ठरवले आणि फुटक्या विटांचा चुरा करून त्याचे काँक्रीटचे ठोकळे वापरले. मैत्रिणीच्या इमारतीत शिरायला रस्त्यावरून पायऱ्या चढून जावे लागते. मी त्या दिवसातून चारदा चढत होते आणि मला त्यात काही विशेष दिसले नव्हते. मग तिने दाखवले की आजूबाजूच्या सगळ्याच इमारती अशा गवताळ बांधावर उभ्या आहेत, आणि तो बांध म्हणजे जुने मुरानूव आहे. गवतात एका ठिकाणी माती खचली होती तिथे विटांचे कोपरे दिसत होते. त्यावर कोणी तरी जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या. "इथे राहायला कसं वाटतं?" असे मी विचारले तेव्हा ती जरा चिडली. "मला ऑफिस जवळ पडतं, भाडं परवडतं. पाहुणे आले की सगळे हेच विचारतात आणि रात्री शांत झोपतात." मग थोड्या वेळाने म्हणाली की पहिल्या हिवाळ्यात तळघरातल्या खोलीत सायकल ठेवायला जाणे तिला नकोसे व्हायचे. अलीकडे, 2022 मध्ये, मिवा रस्त्याजवळ पुरातत्त्वज्ञांनी खोदले तेव्हा जुन्या तळघरांच्या भिंती आणि घरातल्या नेहमीच्या वस्तू निघाल्या. त्याच रस्त्यावर 18 क्रमांकाच्या घराखालच्या भुयारात घेट्टोतल्या उठावाचा नेता मोर्देखाय आनिएलेविच आणि त्याचे साथीदार 8 मे 1943 रोजी मेले. मृतदेह काढलेले नाहीत. वर मातीचा उंचवटा आणि एक शिळा आहे.

घेट्टोच्या भिंतीचे काही तुकडे शेन्ना आणि झ्वोता या रस्त्यांवरच्या इमारतींच्या अंगणांत उरले आहेत. ती भिंत मुळात दोन घरांमधली साधी कुंपणभिंत होती आणि तिलाच हद्द बनवले गेले. तिच्यातल्या दोन विटा वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी काढून नेलेल्या आहेत. इतरत्र पदपथावर लोखंडी पट्टी बसवून हद्द दाखवली आहे आणि लोक तिच्यावरून ट्रॉली बॅगा ओढत जातात. शेन्ना रस्त्यावरच, आज जिथे संस्कृती प्रासाद या सोव्हिएत काळातल्या उंच इमारतीचा परिसर आहे त्या भागात, डॉक्टर यानुश कोर्चाक यांचा अनाथाश्रम शेवटी होता. 18 जुलै 1942 रोजी तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ही गोष्ट कोर्चाक यांनी मुलांकडून का करवून घेतली याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मुलांना मृत्यूची ओळख शांतपणे व्हावी हे त्यांचे कारण असल्याचे सांगतात. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला सुमारे दोनशे मुले आणि त्यांना सोडून जाण्यास नकार देणारे कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवले गेले. शाळेत असताना मी या नाटकात दहीवाल्याचे काम केले होते. नाटकाची ही तारीख मला ठाऊक नव्हती, आणि आता त्या दहीवाल्याचे बोलणे आठवले की ती तारीखही आठवते.

ज्या ठिकाणी मी सर्वाधिक वेळ थांबले ती जागा ज्यू इतिहास संस्थेची आहे. उडवलेल्या सिनेगॉगच्या शेजारची ही इमारत वाचली, पण आग आत शिरली होती, आणि प्रवेशदालनातली फरशी त्या उष्णतेने काळवंडलेली आणि तडकलेली तशीच ठेवली आहे. तिच्यावरून चालतच आत जावे लागते. आत दुधाचा एक मोठा धातूचा कॅन आहे. इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम यांनी घेट्टोत गुप्तपणे एक गट जमवला होता आणि या गटाने रोजनिशा, रेशनची कार्डे, मुलांचे निबंध, विनोद, खाऊच्या गोळ्यांची वेष्टने, जर्मन फर्माने, बातम्या असे हाताला लागेल ते गोळा केले. उद्या आपल्यापैकी कोणी उरले नाही तर आपला इतिहास मारणाऱ्यांच्या कागदपत्रांवरून लिहिला जाईल, हे त्यांनी ओळखले होते. हा दप्तरखाना पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून नोव्होलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरला. पेट्या 1946 मध्ये, कॅन 1950 मध्ये सापडले. वेगळ्या ठिकाणी पुरलेला तिसरा भाग अजूनही सापडलेला नाही. 1999 मध्ये युनेस्कोने या संग्रहाला जागतिक स्मृतिनोंदीत स्थान दिले. रिंगेलब्लुम मार्च 1944 मध्ये कुटुंबासह मारले गेले. कॅन गंजलेला आहे, कडेला पोचे आहेत. जुन्या शहराची पुनर्बांधणी विद्यार्थ्यांच्या आराखड्यांवरून झाली आणि मुरानूवचे जे काही उरले ते या कॅनमध्ये उरले, असे मी मैत्रिणीला म्हणाले. तिने मान हलवली. "आराखडे असते तरी नालेव्की कोणासाठी बांधली असती?" एवढेच ती म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

स्ताव्की रस्त्यावर, जिथून गाड्या सुटत त्या उमश्लागप्लात्झला, पांढऱ्या संगमरवराच्या चार भिंतींचे स्मारक आहे. भिंतीवर 448 पहिली नावे कोरली आहेत, आडनावे नाहीत. समोर बसथांबा आहे. आम्ही नावे वाचली आणि निघालो. तिथे बोलण्यासारखे काही नव्हते.

1 ऑगस्टच्या रात्री पिऊसुद्स्की चौकात हजारो लोक जमून जर्मन ताब्याच्या काळात बंदी असलेली गाणी एकत्र म्हणतात. गीतांच्या पुस्तिका वाटल्या जातात, आजोबा आणि नातवंडे शेजारी उभी असतात. मैत्रिणीला आता काही गाणी तोंडपाठ आहेत. चौकाच्या एका कडेला अज्ञात सैनिकाची समाधी आहे. सॅक्सन राजवाड्याच्या कमानींखाली 1925 मध्ये ती केली होती. डिसेंबर 1944 मध्ये वाडा उडवला गेला तेव्हा नेमक्या समाधीवरच्या तीन कमानी वाचल्या आणि त्या तशाच, वर काही नसलेल्या, उभ्या आहेत. 2021 मध्ये पोलंडच्या संसदेने हा वाडा पुन्हा बांधण्याचा कायदा केला आहे. माझे मत असे की बांधू नये. त्या तीन तुटक्या कमानी वाड्याच्या लांबलचक दर्शनी भागात बुडून जातील, आणि या शहरात नाश उघडा दिसतो अशा मोठ्या जागा आता फार थोड्या आहेत. मैत्रिणीला हे बाहेरच्या माणसाचे मत वाटते. तिच्या मते तुटलेले बघायची हौस पाहुण्यांना असते, इथे राहणाऱ्याला चौकाची चौथी बाजू हवी असते. तिचा आक्षेप वेगळाच आहे: एका वाड्यासाठी कायदा आणि पैसा निघतो, तर मुरानूवच्या बांधांखाली काय काय आहे ते नीट खोदून पाहण्यासाठीही निघाला पाहिजे, आणि तो आधी निघाला पाहिजे. तिसरे गाणे सुरू होईपर्यंत आम्ही यावर वाद घालत होतो, शेवटी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून आमच्या हातात पुस्तिका दिली आणि पानाचा आकडा दाखवला.